जीवशास्त्रातील संशोधन : अर्ज, प्रवेश आणि पैशाचा प्रश्न

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त होळी, वसई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



होळीच्या बाजारात कापडाचा व्यवसाय करणाऱ्याला मुंबईचे मंगळदास मार्केट ठाऊक नाही, असे सहसा घडत नाही. या बाजाराला ज्यांचे नाव आहे ते सर मंगळदास नथुभाई १८९० साली निवर्तले. मात्र त्यांच्या नावाने मुंबई विद्यापीठाकडे परदेशातील शिक्षणासाठी एक शिष्यवृत्ती चालत राहिली, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. त्यांच्या निधनानंतर ४७ वर्षांनी, १९३७ मध्ये, ती शिष्यवृत्ती कमला भागवत या तरुणीस मिळाली. तिच्या आधारे ती केंब्रिजला गेली आणि १९३९ मध्ये जीवरसायनशास्त्रातील पीएच.डी. घेऊन परतली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचा उल्लेख केला जातो. पुढे डॉ. कमला सोहोनी या नावाने त्या ओळखल्या गेल्या. मराठी वाचकांना त्यांची आणखी एक ओळख जवळची वाटेल : लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी होत.

दात्याने जिला कधी पाहिले नाही, दात्याच्या हयातीत जिचा जन्मही झाला नव्हता, अशा मुलीच्या हाती ती देणगी योग्य वेळी पडली. जीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण व संशोधन करू इच्छिणाऱ्या आजच्या मुलामुलींचा प्रश्न समजून घ्यायचा, तर ही कथा थोडी सविस्तर पाहणे उचित होईल.

कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही बंगलोरच्या विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. घरात विद्येचे वातावरण होते, मार्गदर्शन होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणाने, तो नाकारला. कमलाबाई घरी बसल्या नाहीत. त्या प्रत्यक्ष बंगलोरला गेल्या, कारण विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षार्थी म्हणून काढायचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे आणि प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू द्यायचे नाही! या शेवटच्या अटीतील अपमान त्यांना आयुष्यभर विसरता आला नाही. परंतु श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर असे काम केले, की वर्षअखेरीस रामन यांचे मत बदलले आणि पुढे संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

ज्या घरात प्रथिनांचा प्रमुख आधार डाळ, कडधान्य आणि दूध हाच असतो, त्या घरांनी या कामाचे मोल अधिक ओळखावे. केंब्रिजमध्ये त्यांचे काम वनस्पतींच्या पेशींतील श्वसनावर झाले. बटाट्याच्या ऊतींपासून सुरुवात करून त्यांनी वनस्पतींमध्ये सायटोक्रोम-सी हा घटक असल्याचे दाखवले. बटाटा हे कंदमूळ असल्याने या सभागृहात क्षणभर चुळबुळ होणे स्वाभाविक आहे; पण तो ताटात नव्हता, परीक्षानळीत होता. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता, ही गोष्ट जाडजूड प्रबंधांच्या आजच्या काळात लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्वदेशी परतल्यावर त्यांनी दिल्ली, कुन्नूर आणि मुंबई येथे काम केले. मुंबईच्या विज्ञान संस्थेत असताना त्यांनी नीरेतील पोषकद्रव्यांचा अभ्यास केला. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ताडांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा विषय परका वाटू नये.

या कथेत तीन गोष्टी एकत्र आल्या : घरचे पाठबळ, स्वतःचा चिवटपणा आणि वेळेवर मिळालेला पैसा. पहिल्या दोन गोष्टी समाजाने विकत आणून देता येत नाहीत; तिसरी देता येते. ती कोठे आणि केव्हा द्यावी, याबद्दल मात्र समाजात बराच गैरसमज आहे.

सर्वसाधारण समज असा, की पीएच.डी. म्हणजे आणखी पाच-सहा वर्षे बापाच्या पैशावर शिकणे. व्यापारी कुटुंबात हा हिशेब लगेच मांडला जातो आणि मुलाला दुकानात, मुलीला सासरी पाठवण्याचा निर्णय होतो. जीवशास्त्राच्या बाबतीत हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. प्रतिष्ठित संस्थांतील संशोधक विद्यार्थी बहुधा शुल्क भरून शिकत नाही. त्याला दरमहा छात्रवृत्ती मिळते. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ छात्रवृत्तीचे दरमहा ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. दोन अधिक तीन अशा पाच वर्षांची बेरीज भत्ता सोडून २४ लाख रुपये होते. म्हणजे ज्या शिक्षणाला कुटुंब खर्च समजते, ते प्रत्यक्षात उत्पन्न आहे. दुकानाच्या उत्पन्नाशी त्याची तुलना करू नये, हे खरे. पण बापाच्या पैशावर शिकणे हे त्याचे वर्णनही नव्हे.

येथे एक कटू वस्तुस्थिती सांगितलीच पाहिजे. नीट परीक्षेत गुण कमी पडले म्हणून जो विद्यार्थी बी.एस्सी.ला येतो, त्याच्याकडे घरात पराभूत म्हणून पाहिले जाते. वैद्यकीय जागेसाठी, देशात किंवा परदेशात, कर्ज काढून मोठमोठ्या रकमा भरण्याची तयारी असलेले तेच कुटुंब, त्याच मुलाने एका उन्हाळ्यासाठी बंगळूरुच्या प्रयोगशाळेत जायचे म्हटले, तर रेल्वेच्या भाड्याचा विचार करू लागते. तीन वर्षे अशा मानभंगात घालवलेल्या मुलाकडून पुढे संशोधनाच्या उत्साहाची अपेक्षा कशी करावी?

आता मार्गाकडे वळू. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच तयारी सुरू व्हावी लागते. देशातील तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती देतात. तिचे अर्ज आदल्या हिवाळ्याच्या सुरुवातीसच मागवले जातात, परीक्षा संपल्यावर नव्हे. वसईहून लोकलने परळला पोहोचणे अवघड नाही. हाफकिन संस्था आणि प्रजनन आरोग्याचे संशोधन करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था तेथेच आहेत. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा जीवशास्त्र विभाग आहे, खारघरला कर्करोग संशोधनाचे ॲक्ट्रेक केंद्र आहे. पुण्यात आयसर, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहेत. यांपैकी एखाद्या ठिकाणी दोन-तीन महिने प्रत्यक्ष प्रयोगाच्या टेबलाशी उभे राहिलेला विद्यार्थी आणि केवळ गुणपत्रिका घेऊन आलेला विद्यार्थी, यांत निवड समिती पहिल्यालाच पसंती देते.

आघारकर हे नाव आले आहे म्हणून त्यांच्याविषयी दोन वाक्ये. मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असताना सह्याद्रीच्या नद्यांत गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडल्याने तज्ज्ञांच्या नजरेत भरले. पुढे कलकत्ता विद्यापीठात रासबिहारी घोष यांच्या देणगीतून निर्माण झालेले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले, ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेले, महायुद्धात तेथे अडकले आणि १९१९ मध्ये बर्लिनची पीएच.डी. घेऊन आले. नदीत जे दिसले, ते त्यांनी बारकाईने पाहिले होते. वसईच्या खाडीतील खारफुटी, मिठागरे आणि केळीच्या बागांवरचे रोग आजही पाहणाऱ्याची वाट पाहत आहेत.

देशातील प्रवेशपरीक्षांची नावे विद्यार्थ्यांना ठाऊक असतात : नेट, गेट, जैवतंत्रज्ञान विभागाची बेट, टाटा संस्था व तिच्या बंगळूरु येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राची डिसेंबरमधील संयुक्त परीक्षा. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी घेतलेल्या विद्यार्थ्यास एम.एस्सी. न करताही पीएच.डी.साठी पात्र ठरता येते. हा बदल पालकांपर्यंत अद्याप पोहोचलेला दिसत नाही. लवकर लग्नाचा आग्रह धरणाऱ्या घरातील मुलीसाठी या एका वर्षाचे मोल किती, हे येथील भगिनींना वेगळे सांगायला नको.

परदेशी शिक्षणाबाबत सर्वांत महत्त्वाचा भेद असा, की अमेरिकेत जीवशास्त्राच्या पीएच.डी.ला शुल्कमाफी आणि उदरनिर्वाहाची छात्रवृत्ती दोन्ही बहुतेक ठिकाणी मिळतात, तर एम.एस.ला सहसा मिळत नाहीत. छात्रवृत्तीची रक्कम अनेक विद्यापीठांत वर्षाला तीस ते पंचेचाळीस हजार डॉलरच्या दरम्यान असते. तरीही कर्ज काढून एम.एस.ला जाणाऱ्यांची संख्या कमी नाही, कारण दलालाला एम.एस.च्या प्रवेशावर दलाली मिळते, पीएच.डी.च्या प्रवेशावर मिळत नाही. ज्याला संशोधनच करायचे आहे, त्याने थेट पीएच.डी.साठी अर्ज करावा. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर तेथे अडचण येऊ शकते. चार वर्षांची पदवी किंवा एम.एस्सी. असल्यास मार्ग सुकर होतो.

अर्जाची मुदत साधारणतः १ डिसेंबरच्या आगेमागे संपते. मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत होतात आणि विद्यार्थ्याने आपला निर्णय बहुतांश विद्यापीठांना १५ एप्रिलपर्यंत कळवायचा असतो. दिवाळीनंतर धावपळ सुरू करणारा तेथे उशिराच पोहोचतो. जीआरई अनेक जीवशास्त्र विभागांनी आता रद्द केली आहे, त्यामुळे आधी विभागाची अट पाहावी आणि मगच परीक्षेचे शुल्क भरावे. बहुतेक विभागांत निवड समिती करते आणि विद्यार्थी पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत आळीपाळीने काम करून मार्गदर्शक निवडतो. जर्मनीत मात्र पीएच.डी. ही पुष्कळदा पगारी नेमणूक असते, म्हणून तेथे प्राध्यापकांना थेट आणि नेमके पत्र लिहिणे उपयोगी ठरते. मॅक्स प्लांक संस्थांच्या संशोधनशाळांत सामूहिक निवडही होते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत एम.एस्सी.ला शिकवणी शुल्क नसते, पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतात, आणि व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम बंदिस्त खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे अर्धे वाक्य ऐकून निघालेल्या विद्यार्थ्याला उरलेले अर्धे दूतावासाच्या दारात ऐकावे लागते.

शिफारसपत्रांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण हा दोष समाजाचा आहे. नगरसेवक, आमदार, संस्थेचे अध्यक्ष किंवा ट्रस्टचे मानद सचिव यांचे पत्र निवड समितीच्या दृष्टीने निरुपयोगी असते. ज्या अध्यापकाने विद्यार्थ्याला प्रयोग बिघडवताना आणि पुन्हा नीट करताना पाहिले आहे, त्याचेच पत्र वाचले जाते. उद्दिष्टांचे निवेदन लिहितानाही हेच. 'लहानपणापासून निसर्गाची आवड होती' या वाक्याने सुरू होणारे निवेदन समितीने शेकड्यांनी वाचलेले असते. कोणता प्रश्न पाहिला, काय करून पाहिले, काय फसले आणि आता नेमके काय शोधायचे आहे, हे दीड पानात साधेपणाने लिहिलेले पुरते.

अमेरिकेबाबत एक सावधगिरी. २०२५ मध्ये तेथील केंद्र सरकारने संशोधनाच्या अनुदानांना कात्री लावली आणि परिणामी काही विद्यापीठांनी जीवशास्त्राच्या जागा घटवल्या, क्वचित दिलेले प्रवेशही मागे घेतले. एकाच देशावर सर्व आशा ठेवू नये.

आता ज्या प्रश्नापाशी जैन कुटुंब थबकते, त्या अहिंसेच्या प्रश्नाकडे. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांचे वर्गीकरण पाठशाळेत शिकलेल्या मुलीला बेडूक कापायला सांगितला, तर तिचे मन विटणार. पूर्वी अनेकांनी एवढ्यासाठी विषय सोडले. यूजीसीने २०१४ मध्ये पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील प्राण्यांचे विच्छेदन बंद केले, तेव्हा ही अडचण वर्गात तरी उरली नाही. संशोधनात ती उरते. अनेक प्रयोगशाळांत उंदीर वापरले जातात, ते कायद्याने आणि समितीच्या परवानगीने वापरले जातात, तरी वापरले जातातच. विद्यार्थ्याने अर्जापूर्वी हे विचारून घ्यावे आणि संकोच करू नये. वनस्पतिविज्ञान, परिसंस्था, प्रथिनांची रचना, संगणकाच्या साहाय्याने होणारा जनुकांचा अभ्यास अशी विशाल क्षेत्रे मोकळी आहेत. मात्र घरातील औषधांच्या कपाटात जे आहे, त्यातील बहुतेक सर्व प्राण्यांवरील चाचण्यांतून आलेले आहे, हेही सोयीस्करपणे विसरू नये. ते आपण घेणार आणि संशोधन मात्र दुसऱ्याने करावे, ही भूमिका फार उंचीची नाही.

याच ठिकाणी एक नवे दार उघडले आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली. भारतानेही मार्च २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींपासून वाढवलेले सूक्ष्म अवयव, चिपवरील अवयव व संगणकीय पद्धती यांना मान्यता दिली. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात अशा मानवाधिष्ठित प्रारूपांवर काम चालते. प्राण्याचा जीव न घेता औषध कसे पारखावे, हा आज जगातील प्रयोगशाळांपुढचा खरा शास्त्रीय प्रश्न आहे. ज्या मुलाने बेडकापाशी हात मागे घेतला, त्यानेच हे काम हाती घेतले तर ते आश्चर्य ठरू नये.

शेवटी पैशाचा मुद्दा. अल्पसंख्याक म्हणून जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय स्तरावर मान्यता मिळाली. त्यानंतर मौलाना आझाद छात्रवृत्ती आणि परदेशी शिक्षणकर्जावरील व्याजाची 'पढो परदेश' योजना यांचा आधार होता. २०२२-२३ पासून केंद्राने दोन्ही बंद केल्या. जुनी माहितीपत्रके हाती घेऊन फिरणाऱ्या पालकांचे हेलपाटे होतात ते यामुळे. १८९२ मध्ये सुरू झालेला जमशेटजी टाटांचा निधी आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयानेही विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि परतफेडीच्या बोलीवर साहाय्य देण्याची रीत घालून दिली. घेतलेले परत करायचे आणि त्यातून पुढचा विद्यार्थी शिकायचा, ही रीत समाजाला नवी नाही.

मोठी रक्कम मोठ्या निधीकडून मिळू शकते. लहान रकमा मात्र कोणी देत नाही आणि मुले तेथेच अडतात. परदेशी आठ विद्यापीठांचे अर्ज, प्रत्येकी ७५ ते १०० डॉलर, इंग्रजीची परीक्षा, गुणपत्रिकांच्या प्रती आणि टपाल : हा एक लाखाच्या आसपासचा खर्च प्रवेश मिळण्याआधीचा असतो. त्यावर कोणतीही बँक कर्ज देत नाही आणि तो वाया जाण्याचीही शक्यता असते. प्रवेश मिळाल्यावर अमेरिकेसाठी ३५० डॉलर सेव्हिस शुल्क, १८५ डॉलर व्हिसा शुल्क, विमानाचे तिकीट आणि पहिल्या महिन्याचे भाडे व अनामत. पहिली छात्रवृत्ती हाती येते ती महिनाभराने. देशातही उन्हाळी छात्रवृत्तीच्या काळातील प्रवास, नेटसाठी वर्षभर अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याचा निर्वाह, आणि सरकारी छात्रवृत्ती महिनोन्‌महिने रखडली की तेवढ्या काळापुरती उसनवार, या गरजा दहा हजारांपासून दीड लाखापर्यंतच्या असतात.

ज्ञानदानाच्या बोलीत जमणाऱ्या रकमेतून, फलकावर नाव कोरले जाईल असे काही उभारण्याऐवजी असा एक फिरता निधी उभारता येईल. त्याचा अर्ज एका पानाचा असावा. निर्णय सात-आठ दिवसांत व्हावा, कारण विद्यापीठाची मुदत विश्वस्तांच्या मासिक सभेसाठी थांबत नाही. नापास झालेल्या प्रयत्नाचे पैसे परत मागू नयेत, यशस्वी झालेल्याकडून मात्र छात्रवृत्ती सुरू झाल्यावर हप्त्यांनी घ्यावेत. मुलींच्या अर्जावर 'विवाह ठरला आहे काय' हा रकाना नसावा. आणि समितीवर किमान एक व्यक्ती अशी असावी, जिने स्वतः प्रयोगशाळेत काम केले आहे. वसई-विरारच्या महाविद्यालयांतील जीवशास्त्राच्या अध्यापकांना विनंती केली तर ते नकार देणार नाहीत. उन्हाळी छात्रवृत्तीचे अर्ज सुरू होण्याच्या सुमारास ज्ञानपंचमी येते. पहिले अर्ज त्या दिवशी स्वीकारता येतील.